नियम अकरा: ढाल की कुऱ्हाड

शुक्रवारी सकाळी बाबा स्वयंपाकघराच्या मधोमध उभे होते. डाव्या हातात मोठ्या पातेल्याचं झाकण, उजव्या हातात लादी पुसायचा दांडा आणि चेहरा असा गंभीर, की परक्या माणसाला वाटावं घरात शत्रू शिरलाय. शत्रू वगैरे काही शिरला नव्हता. गॅसवर दूध होतं, दुधापाशी आई होती आणि थोरली दाराशी चपला घालत होती.

"आता नीट बघ," बाबा म्हणाले. "ही ढाल. हिच्यात एक हात अडकला, मारायला एकच उरला. पण समोरून येणारा घाव हिच्यावर." त्यांनी झाकण पुढे धरलं. मग ते ओट्यावर ठेवलं, दांडा दोन्ही हातांनी पकडला आणि डोक्यावर नेला. वरचा दिवा थोडक्यात वाचला. "ही दोन हातांची कुऱ्हाड. घाव दुप्पट. पण अंगावर येईल ते अंगावरच घ्यायचं."

"अहो, ते झाकण इकडे द्या, दूध वर येतंय," आई म्हणाली.

"एक मिनिट गं. थोरले, तुझं काय मत?"

"संध्याकाळी बघू, बाबा," थोरली म्हणाली आणि निघाली. बस यायला अजून वीस मिनिटं होती. ती थांब्यावर जाऊन उभी राहिली.

हे प्रकरण काय होतं ते आधी सांगायला हवं. बाबा वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली आणि खऱ्या वजनांवर शिक्के मारले. निवृत्तीनंतर अशा माणसाने बागेत फिरावं, पेपरातली कोडी सोडवावी, जमल्यास सुनेशी भांडावं, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. बाबांना सून नव्हती आणि बागेतली माणसं रक्तदाबाखेरीज दुसरं काही बोलत नाहीत असं त्यांचं म्हणणं. एकदा दाढ काढायला गेले असताना त्यांना दवाखान्याच्या टेबलावर चित्रविचित्र फासे दिसले. हे कशाचे, असं त्यांनी विचारलं. म्हणजे, तोंडात कापूस असताना जितकं विचारता येतं तितकं विचारलं. पुढच्या रविवारपासून बाबा दर आठवड्याला दुपारी तिथे जाऊ लागले.

खेळ असा. टेबलाभोवती चौघं बसतात. बाबा, गणिताच्या एक बाई आणि लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ, या तिघांनी आपापला एक वीर कल्पायचा. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. चौथा माणूस, म्हणजे दातांचे डॉक्टर, गोष्ट चालवतो: समोर पूल आहे, पुलावर राक्षस आहे, आता तुम्ही काय करणार? प्रत्येकाने आपला वीर काय करतो ते सांगायचं आणि ते साधलं की नाही ते फाशांनी ठरवायचं. बाबांच्या वीराचं नाव 'वजनदार'. राक्षस मेला की बाकीचे खजिन्याकडे धावत आणि वजनदार खजिना तोलून बघे.

थोरली कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांचं वर्गीकरण करते. जगातल्या कुठल्याही पुस्तकाला एक आकडा देऊन योग्य फळीवर ठेवता येतं, असा तिचा वीस वर्षांचा अनुभव. बाबांचा रविवार मात्र तिला कुठल्याच फळीवर ठेवता आला नव्हता. ग्रंथालयात कोणी विचारलं तर ती सांगायची, "वाचनमंडळात जातात."

तर काही खेळांपूर्वी वजनदारला एका गुहेत दोन हातांची कुऱ्हाड सापडली. घ्यायची तर ढाल टाकावी लागणार होती. दोन्ही घ्यायचं नाही, असा नियम. त्यावर बाबांचं आठ आठवडे चिंतन चाललं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी विषय निघाला नाही. बाबा पेपर वाचत होते. चष्म्यावरून त्यांनी दोनदा थोरलीकडे पाहिलं. थोरलीच्या हातात पुस्तक होतं आणि ते चांगलं होतं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात साबण आणि साखर आणायला गेले. साखर तोलली जात असताना ते दुकानदाराला म्हणाले, "काटा शून्यावर नाही." आणि तिथेच साखरेच्या पोत्याला टेकून खाली बसले. पुन्हा उठले नाहीत.

दुकानदार दुपारी स्वतः पिशवी घेऊन घरी आला. दारातच रडायला लागला. "खरंच नव्हता हो शून्यावर," तो आईला पुन्हा पुन्हा सांगत होता. "पाच ग्रॅमचा फरक होता. मी आजच्या आज दुरुस्त करून घेतो." शेवटी आईनेच त्याला पाणी दिलं.

त्यानंतरचे दिवस अशा घरात जसे जातात तसे गेले. माणसं आली, बसली, "काही लागलं तर सांगा" म्हणाली आणि गेली. थोरलीने कागदपत्रं केली. ते तिला जमत होतं. फोन आला आणि कोणी बाबा आहेत का असं विचारलं, की मात्र ती म्हणायची, "ते घरी नाहीत." हे खोटं नव्हतं.

दहाव्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी तीन वेळा घसा साफ केला. दुसऱ्याच्या तोंडात हात घालणारा माणूस, पण स्वतःच्या तोंडातून शब्द काढताना त्याला फार त्रास होत होता.

"म्हणजे, कसं सांगू... तुमच्या बाबांचा वीर गुहेच्या दारात उभा आहे."

"बरं," थोरली म्हणाली. काय म्हणतात अशा वेळी, हे तिने वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"सगळ्यात पुढे तोच आहे. शस्त्राचा निर्णय झाला की आत जायचं, असं ठरलं होतं. आम्ही दोन रविवार नुसता चहा पिऊन उठलो. आणि आता नियम दहा आहे."

नियमावली बाबांचीच. एका रविवारी गणिताच्या बाई आल्या नव्हत्या, तेव्हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी बाईंच्या मांत्रिकाचा घोडा परस्पर विकून टाकला. त्यावरून पुढच्या रविवारी जे झालं, त्यानंतर बाबांनी चौदा कलमांची नियमावली लिहिली आणि चौघांच्या सह्या घेतल्या. नियम नऊ: गैरहजर खेळाडूच्या वीराबाबत इतर कोणीही निर्णय घेऊ नये. नियम दहा: सलग तीन रविवार गैरहजर राहिल्यास त्या वीराचं नाव 'वाटेत मागे राहिला' असा शेरा मारून नोंदवहीतून कमी करावं. नियम अकरा: खेळाडू येऊच शकत नसल्यास त्याच्या वारसाला एक दिवस खेळता येईल, मात्र वारसाने विहित नमुन्यात अर्ज, शस्त्राचा निर्णय आणि नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र आणावं.

"नोटरीसमोर?" थोरलीने विचारलं.

"तुमच्या बाबांचा दुसऱ्या कोणावर विश्वास नव्हता. आम्ही हसलो होतो तेव्हा." डॉक्टरांनी पुन्हा घसा साफ केला. "हे बघा, तुम्ही काही करू नका. आम्ही नियम बाजूला ठेवतो. पण त्यांनीच केलेला नियम मोडून त्यांनाच यादीत ठेवायचं, हे जरा... लिफ्टवाले म्हणाले, काकांना नाही आवडणार."

थोरलीने मनात एक यादी केली. रेशनकार्डावरून नाव कमी झालं होतं. बँकेतून कमी झालं होतं. ग्राहक संघाने तर सहानुभूतीच्या पत्रातच कमी केल्याचं कळवलं होतं. एका दातांच्या दवाखान्यात मात्र ते अजून होतं. रविवारपर्यंत.

"मी येते," ती म्हणाली. "नियमाप्रमाणे."

बाबांच्या कपाटात वही होती. आई त्यांचे शर्ट घड्या घालून एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवत होती. हे काम ती दहा दिवस करत होती आणि ते संपत नव्हतं.

"काय शोधतेस?"

"वही. डॉक्टरांना द्यायची आहे."

"दाताच्या?"

"हो."

"त्यांचे दात तर चांगले होते," आई म्हणाली आणि पुन्हा घडी घालू लागली.

वहीत दोन पानांवर तक्ता होता. डावीकडे ढाल, उजवीकडे कुऱ्हाड. प्रत्येक कारणापुढे गुण. 'घाव अडतो: ८.' 'शेजारच्यालाही आडोसा मिळतो: ९.' 'मनाला स्वस्थता: ५.' उजवीकडे, 'लढाई लवकर संपते: ८.' 'मोठ्या शत्रूला धाक: ७.' अशी बरीच कारणं, आणि खाली, 'लाकडं फोडता येतात: २. भिंतीला टेकवली की रुबाबदार दिसते: २. धार लावण्यात वेळ चांगला जातो: २.' बेरीज दोन्हीकडे सदतीस. काटा बरोबर शून्यावर. त्याखाली एकच ओळ, 'थोरलीला विचारणे', आणि पुढे सात तारखा. सहांवर काट मारली होती. सातवी त्या शुक्रवारची. तिच्यावर काट मारायची राहून गेली होती.

थोरलीने वही मिटली. मग उघडली. तारखा तेवढ्याच होत्या.

मतच द्यायचं, तर ते अभ्यासाने द्यावं, हा तिचा स्वभाव. बुधवारी तिने ग्रंथालयातून प्राचीन युद्धकलेवरची चार जाड पुस्तकं आणली. पहिल्यात ढालीचं कौतुक होतं, दुसऱ्यात कुऱ्हाडीचं. तिसऱ्याच्या लेखकाचं पहिल्या दोघांशी वैर असावं. चौथ्यात नकाशे होते. शेवटी, घरात बसून पुस्तकं वाचण्यापेक्षा ज्याने प्रत्यक्ष ढाल धरली आहे त्याला विचारावं, अशा हेतूने ती वरच्या मजल्यावरच्या हवालदारकाकांकडे गेली. हवालदारकाका पोलिसातून निवृत्त झाले होते आणि इमारतीचे सेक्रेटरी होते; म्हणजे अधिकार गेला होता पण सवय राहिली होती.

"ढाल?" काकांचे डोळे चमकले. "दंगलीत धरलीय ना! वेताची. आण एक ताट."

थोरलीने ताट आणलं. काका जिन्याच्या मधल्या चौकात उभे राहिले. ताट छातीशी. "आता मार."

"कशाने?"

"अगं, हाताने मार. घाबरू नकोस."

संपूर्ण ग्रंथालयाच्या वर्गीकरणाची जबाबदारी असलेली, चाळीस पार केलेली बाई भर संध्याकाळी जिन्यात एका म्हाताऱ्या माणसाच्या ताटावर चापट्या मारते आहे, हे दृश्य समोरच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. त्यांनी काहीच विचारलं नाही. दुःखात माणसं काय काय करतात, अशा नजरेने त्यांनी मान हलवली. म्हणून थोरलीला सगळं समजावून सांगावं लागलं, आणि तीच तिची चूक झाली.

"म्हणजे दोनातलं एकच घ्यायचं?" काकू म्हणाल्या. "असं कसं? माझं ऐकशील तर दोन्ही घ्यावं. घरात असलेलं बरं. लागेल तसं काढायचं."

"दोन्ही घेता येत नाही, काकू. हात दोनच आहेत."

"ढाल पाठीला बांधावी."

"पाठीमागून घाव येत नाही, वहिनी," हवालदारकाका म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? आमच्यावर आजवर आले ते सगळे पाठीमागूनच आले," काकू म्हणाल्या आणि तासभर त्या घावांचा तपशील दिला. त्यात एक नणंद, दोन जावा आणि एक शिंपी होता. ढालीचा प्रश्न होता तिथेच राहिला. थोरलीचं ताट मात्र वाकलं.

गुरुवारी ती रजा टाकून कोर्टाबाहेर गेली. तिथे पत्र्याच्या शेडखाली नोटरी बसतात. तिच्या वाट्याला आलेले नोटरी जाड भिंगांचे, थकलेले आणि मनाने चांगले होते. त्यांनी मजकूर वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"शस्त्र कोणतं?"

"ते अजून ठरलेलं नाही."

"परवाना?"

"लागत नाही. कल्पनेतलं आहे."

नोटरींनी भिंगं काढून पुसली. "धारण करणारा कोण?"

"वजनदार."

"हा कोण?"

"योद्धा आहे. गुहेच्या दारात उभा आहे."

"बरं. तो मयत आहे?"

"नाही, नाही. तो चांगला आहे."

"मग, बाई, तुम्ही वारस कोणाच्या?"

थोरलीने तोंड उघडलं. "माझ्या वडिलांच्या. ते सध्या... गैरहजर आहेत."

"किती दिवस?"

"बारा."

"बारा दिवस? मग आधी पोलिसात तक्रार द्या!" नोटरी खुर्चीतून अर्धे उठले. आजूबाजूच्या तीन टेबलांवरचे टंकलेखक टाइप करायचे थांबले. थोरलीने पिशवीतून मृत्यूचा दाखला काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. दाखल्याच्या कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं होतं, जणू वारा सुटला होता. वारा नव्हता.

नोटरींनी तो वाचला. एवढा छोटा कागद वाचायला लागेल त्यापेक्षा जास्त वेळ वाचला. मग वडील काय करत होते ते विचारून मजकुरात दोन शब्द बदलले, शिक्का काढला, तीनदा फुंकर घातली आणि नीट, सरळ उमटवला.

"शिक्का कसा मारावा, ते तुमच्या वडिलांसारख्यांनीच आम्हाला शिकवलं," ते म्हणाले. आणि ती उठताना, "मी असतो ना, तर ढाल घेतली असती. मला दोन मुली आहेत."

बाजूचा टंकलेखक लगेच म्हणाला, "साहेब, कुऱ्हाड. एकदाच काय तो निकाल." त्यावरून त्या शेडखाली जो वाद पेटला, तो थोरली बसमध्ये चढली तरी चालू होता.

शुक्रवारी इमारतीच्या फलकावर सूचना लागली: 'एका सदनिकेत प्राणघातक शस्त्र वारसाहक्काने आल्याचे समजते. तपासणी आज चार वाजता. – सेक्रेटरी.' काकूंनी जे ऐकलं ते तळमजल्यापर्यंत जाताना वाढलं होतं, आणि ज्याने स्वतः ताट धरलं होतं त्याच माणसाला ते परत ऐकल्यावर खरं वाटलं होतं. सवयीचा प्रभाव असा असतो.

चार वाजता हवालदारकाका वही घेऊन आले. आईने दार उघडलं.

"वहिनी, नाइलाज आहे. तक्रार आली की बघावं लागतं. शस्त्र दाखवा."

आई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पातेल्याचं झाकण होतं, दुसऱ्या हातात लादी पुसायचा दांडा. "हे घ्या," ती म्हणाली. "आठ आठवडे हेच चाललं होतं. दुधावर झाकण मिळायचं नाही मला. जा घेऊन एकदाचं."

हवालदारकाकांनी वहीत लिहिलं, 'झाकण एक. दांडा एक.' पुढे काय लिहावं ते त्यांना सुचेना. त्यांनी झाकणाला हात लावला.

"नको," आई म्हणाली. "राहू दे."

झाकण तिने छातीशी धरून ठेवलं होतं. काकांनी वही मिटली, टोपी नसलेल्या डोक्याला उगाच हात लावला आणि जिना चढून गेले. संध्याकाळी फलकावरची सूचना काढलेली होती. चार टाचण्या मात्र तशाच राहिल्या होत्या.

"तू कशासाठी हे करतेस गं?" आईने विचारलं.

"नियम आहे," थोरली म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं. "बापासारखी आहेस," ती म्हणाली. ते कौतुक होतं की तक्रार, हे नेहमीप्रमाणेच कळलं नाही.

रविवारी दुपारी दवाखाना बंद होता. प्रतीक्षागृहातलं मासिकांचं टेबल मधोमध ओढलं होतं. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं रंगीत चित्र आणि त्याखाली पाटी: 'वेदना असह्य असल्यास घंटा वाजवावी.' थोरली आत आली तशी तिघंही उभी राहिली. डॉक्टर, गणिताच्या बाई आणि लिफ्टवाले. चौथ्या खुर्चीवर कोणी बसत नसावं. तिच्या पाठीवर बाबांची जुनी मफलर घडी करून ठेवलेली होती. ती गेल्या हिवाळ्यात हरवली म्हणून घरात दोन दिवस शोधाशोध झाली होती.

टेबलावर कागदाचा नकाशा होता. गुहेच्या दारापाशी तीन सोंगट्या. मांत्रिकाच्या जागी खडूचा तुकडा, दुसऱ्या योद्ध्याच्या जागी लिफ्टचं एक जुनं बटण, आणि सगळ्यात पुढे पितळी, पन्नास ग्रॅमचं वजन. शिक्का मारलेलं.

डॉक्टरांनी अर्ज वाचला. प्रतिज्ञापत्र उजेडात धरून शिक्का पाहिला. "सगळं नियमाप्रमाणे आहे," ते म्हणाले. "फक्त शस्त्राचा रकाना कोरा आहे."

"हो," थोरली म्हणाली. तिने चार पुस्तकं, एक हवालदार, एक नोटरी आणि एक टंकलेखक यांची मतं घेतली होती. "मला ठरवता आलं नाही. त्यांनाही आलं नव्हतं. वहीत बेरीज सारखी आहे. सदतीस, सदतीस."

"सारखी?" गणिताच्या बाईंनी हात पुढे केला. त्यांनी तक्ता पाहिला. भुवया वर गेल्या. पेपर तपासताना त्या अशाच जात असतील आणि वर्गात शांतता पसरत असेल. "ही बेरीज मी तपासली होती. आठ आठवड्यांपूर्वी. ढाल सदतीस, कुऱ्हाड एकतीस. खाली सही केली होती मी."

"सही नाहीये," लिफ्टवाले वाकून म्हणाले.

"मी करून दिली होती. इथे." बाईंनी नखाने चाचपलं. बेरजेच्या आकड्यावर कागदाची एक बारीक पट्टी होती. इतकी सफाईने चिकटवलेली, की पाच दिवस ती वही उघडमिट करणाऱ्या ग्रंथपालाला दिसली नव्हती. डॉक्टर आत गेले आणि दात तपासायची बारीक आकडी घेऊन आले. चौघांची डोकी टेबलावर एकत्र आली. पट्टी हळूच सुटली. खाली '३१' आणि बाईंची सही.

"शेवटची तीन कारणं नंतर घातलीत," बाई म्हणाल्या. "शाई बघा. लाकडं फोडता येतात, म्हणे! दोन गुण!"

लिफ्टवाले खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे काकांनी तराजूत खडा टाकला?" ते हळू आवाजात म्हणाले. "काकांनी?"

छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूतले खडे काढणाऱ्या माणसाबद्दल असं बोलणं त्या खोलीत कोणालाच सोपं गेलं नाही. दाढेच्या चित्राकडे सगळ्यांनी जरा जास्तच लक्षपूर्वक पाहिलं.

"मी त्यांना म्हटलं होतं," लिफ्टवाले म्हणाले, "काका, घ्या ना ढाल, ठरलंय तर. तर म्हणाले, ठरलेलं नाही, मुलीला विचारायचं आहे, ती फार वाचलेली आहे. मी म्हटलं, मग करा फोन. तर म्हणाले, फोनवर नाही. ती निवांत असताना. चांगलं तासभर लागेल."

थोरलीने अर्ज स्वतःकडे ओढला. तिने शस्त्राच्या रकान्यात 'ढाल' लिहिलं. अक्षर चांगलं आलं. खाली सही केली. डॉक्टरांनी नोंदवही उघडली, वजनदारच्या नावापुढे 'हजर' लिहिलं आणि वही सगळ्यांना दिसेल अशी फिरवली, जणू कोणी हरकत घेणार होतं.

"तर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम गोष्टीतला झाला, "वजनदार ढाल उचलतो. गुहेचं दार उघडं आहे. आत अंधार आहे. बाकीचे त्याच्या मागे आहेत." त्यांनी पितळी वजन तिच्याकडे सरकवलं. "आत शिरण्याआधी तो काही बोलतो का?"

तिघं तिच्याकडे बघत होती. गणिताच्या बाईंनी लिहून घ्यायला पेन उघडलं होतं. योद्धा अशा प्रसंगी काय म्हणतो, त्याची शंभर वाक्यं थोरलीने वाचली होती. आकडे देऊन फळ्यांवर लावली होती. तिने वजन हातात घेतलं. दिसायला छोटं होतं, पण भरीव होतं. ते तिने टेबलावर परत ठेवलं, शिक्क्याची बाजू गुहेकडे नाही, स्वतःकडे करून.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "बसा ना जरा. पहिल्यापासून सांगा. मला वेळ आहे."